बेट करू की चेक? लिमिट होल्डेम नव्याने शिकणाऱ्यांसाठी

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खान्देशात गावोगाव पत्ते निघतात. पोरीबाळी झोक्यावर, गौराईची गाणी चालू, आणि पारावर नाहीतर ओट्यावर तीन पत्तीचे डाव. त्यामुळे आमच्याकडे पोकर शिकायला येणारा कोणी अगदीच कोरा नसतो. चाल, पॅक, शो हे त्याला येतंच. पण तीन पत्तीतून एक सवयही सोबत येते: पत्ते भारी आले की चाल, नाही आले की पॅक. लिमिट होल्डेम हा पोकरचा प्रकार शिकायचा तर ही सवय आधी मोडावी लागते. बेट करण्याआधी, म्हणजे डावावर काही लावण्याआधी, विचारायचा प्रश्न वेगळा आहे: समोरचा कोणत्या पत्त्यांवर कॉल करेल (तेवढंच भरून डावात राहील) आणि कोणते पत्ते फोल्ड (पॅक) करेल?

आम्ही अमळनेरला चिंचोक्यांवर खेळतो, आणि नवीन माणसालाही माझं तेच सांगणं आहे. राज्यात १८८७ चा जुगारबंदी कायदा आहे, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली. शिकायला पैशांची गरज नाही. फक्त चिंचोके मोजून द्यावेत आणि डाव संपल्यावर मोजून घ्यावेत, म्हणजे प्रत्येक चिंचोका जपून पडतो.

नियम थोडक्यात. प्रत्येकाला दोन पत्ते, मधे सगळ्यांचे मिळून पाच: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचा (रिव्हर). लिमिटमध्ये बेटचा आकार ठरलेला असतो. आमच्याकडे फ्लॉपपर्यंत २ चिंचोके, टर्न आणि रिव्हरला ४. एका फेरीत साधारण एक बेट आणि तीन रेझ (बेटवर वाढवणं), त्यापुढे वाढवता येत नाही. म्हणजे इथे कोणाला दांडगाईने उठवता येत नाही. पॉट (मधे जमलेले चिंचोके) मोठा आणि बेट लहान असल्यामुळे लोक कॉल करतात. पुढचं सगळं गणित यातूनच निघतं.

रिव्हरपासून सुरुवात करा, कारण तिथे पुढे येणारा पत्ता नसतो आणि हिशेब स्वच्छ असतो. समजा मधे इस्पिक राणी, चौकट नव्वी, किलवर चौकी, बदाम सत्ती आणि शेवटी इस्पिक दुर्री. तुमच्याकडे राजा-राणी. पॉटमध्ये २४ चिंचोके, समोर एकच जण, त्याने चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली. आता पाळी तुमची. नवीन माणूस इथे हमखास चेक करतो. म्हणतो, "त्याच्याकडे एक्का-राणी असली तर?" असेल. पण राणी-गुलाम, राणी-दश्शी, दोन दश्श्या, एखादी नव्वीची जोडी, हे सगळेसुद्धा त्या पॉटसाठी ४ चिंचोके देतात. तो ज्या पत्त्यांवर कॉल करेल, त्यांतल्या निम्म्याहून जास्त पत्त्यांना तुम्ही हरवत असाल तर बेट. तो रेझ करून तुम्हाला आणखी ४ भरायला लावू शकतो, म्हणून निम्म्याच्या थोडं वर धरा. राजा-राणी या कसोटीला सहज उतरते. इथे चेक केलं तर पॉट मिळतो, पण हक्काचे ४ चिंचोके सुटतात. लिमिटमध्ये चांगला आणि बरा खेळाडू यांच्यातला फरक बहुतेक याच सुटलेल्या बेटांचा असतो, असं माझं ठाम मत आहे.

आता तोच बोर्ड (मधले पाच पत्ते), पण तुमच्याकडे एक्का-राजा, जोडी नाही. त्याने चेक केलं. बेट केली तर तुमच्यापेक्षा हलके पत्ते कॉल करणार नाहीत. आणि साधी चौकीची जोडी असलेला माणूसही फोल्ड करणार नाही, कारण ४ भरून त्याला २८ मिळायची संधी आहे. आठातून एकदा जिंकला तरी त्याचं भागतं. म्हणजे बेटचा फायदा कुठूनच नाही. चेक करा, पत्ते उघडा, त्याचा ड्रॉ (हवा तो पत्ता आला तरच जमणारा हात) हुकला असेल तर एक्काच जिंकतो. हुकलेला ड्रॉ तुमचाच असेल, हातात गुलाम-दश्शीसारखे काही न जमलेले पत्ते असतील, तर गोष्ट बदलते. उघडून ते जिंकणारच नाहीत. २४ च्या पॉटसाठी ४ चा ब्लफ (हात नसताना लावलेली बेट) सातातून एकदा चालला तरी बरोबरी होते. पण समोरचा "दखाड पत्ता" (दाखव पत्ता) म्हणत प्रत्येक वेळी कॉल करणारा असेल, तर तेवढंही घडत नाही. अशा माणसावर ब्लफ नाही, फक्त जमलेल्या हातावर बेट.

रिव्हरला पहिली पाळी तुमची असेल तर मला स्वतःला हा निर्णय सगळ्यात अवघड वाटतो. समोरचा भित्रा आहे, चेकवर चेक करतो पण बेटला कॉल देतो? मग स्वतः बेट करा. उलट तो हुकलेल्या ड्रॉवर तुमचा चेक पाहून उडी मारणारा असेल, तर चेक करून त्याला बेट करू द्या आणि कॉल करा. तुम्ही बेट केली असती तर ते पत्ते त्याने फेकलेच असते.

फ्लॉपवर मात्र भारी पत्ते नसतानाही बेट बसते. तुमच्याकडे दोन बदाम, फ्लॉपवर दोन बदाम: उरलेले नऊ बदाम, आणि रिव्हरपर्यंत फ्लश (इथे पाच बदाम) जमायची शक्यता सुमारे ३५ टक्के. टेबलावर चौघं आहेत आणि सगळे कॉल करत आहेत, तर पॉटमधला चौथा भाग तुमचा आणि जिंकायची संधी तिसऱ्या भागाहून थोडी जास्त. बेट करा, रेझ करा. समोर एकटाच असेल तर मात्र ३५ टक्के हे निम्म्याहून कमी आहेत. तिथे तो फोल्ड करण्याची आशा असेल तरच बेट.

जमलेली जोडी असेल तर टर्नला फुकटचा पत्ता देऊ नका. पॉट १२, तुमची बेट ४. मधला एकच पत्ता हवा असलेला सीक्वेन्सवाला १६ साठी ४ भरतो, एकास चार. त्याला हवेत ४६ पैकी चार पत्ते, म्हणजे एकास साडेदहा मिळाले तरच त्याचा हिशेब बसतो. त्याचा कॉल तुमचा फायदा. फ्लशवाल्याला जवळजवळ बरोबरीचा भाव मिळतो, त्याला घालवता येत नाही, पण पैसे भरायला लावता येतात.

संगणकाचा दाखला हवा असेल तर कॅनडातल्या आल्बर्टा विद्यापीठाचा सेफियस हा पोकर खेळणारा प्रोग्राम आहे. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी दोघांमधलं लिमिट होल्डेम जवळजवळ सोडवल्याचं जाहीर केलं. अभ्यासायला उत्तम, पण तो खेळ दोघांचा, आपल्या पाच-सहा जणांच्या टेबलावर जशाच्या तशा चाली उचलू नका.

सरावाला आम्ही एक पद्धत ठेवली आहे. रिव्हरला बेट करणाऱ्याने डाव संपल्यावर सांगायचं: मला कॉल करतील असे हलके हात कोणते होते? तीन सांगता आले तर बेट बरोबर, मग डाव हरलेला का असेना. चेक करणाऱ्यालाही तोच प्रश्न. जळगावला संख्याशास्त्र शिकणारी मुलं सुट्टीत येतात तेव्हा ती हेच कागदावर मांडतात, प्रत्येक हाताचे किती जोड येतात ते मोजतात: बोर्डवर राणी नसेल तर राणी-गुलामचे सोळा, राणी दिसली आणि एक तुमच्याकडे असली तर आठच. इतकी मोजणी बसल्या जागी येऊ लागली की मग सहाव्या माणसाला टेबलावर घ्या.