अ‍ॅरिझोनात मार्चचा बेसबॉल बघायचा तर वही-पेन्सिल न्या

आमच्या इंदुरात, लोकमान्य नगरच्या बाजूला, मुलाकडे किंवा लेकीकडे फिनिक्सला जाणारे आता बरेच झालेत. मार्चमध्ये गेलात तर रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, हुकणार, त्याला इलाज नाही. पण तेव्हाच तिथे मोठ्या बेसबॉल संघांचे हंगामाआधीचे सामने चालतात. त्याला स्प्रिंग ट्रेनिंग म्हणतात. फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतं आणि मार्च संपेस्तोवर चालतं. ३० संघांपैकी १५ अ‍ॅरिझोनात उतरतात, १५ फ्लोरिडात. अ‍ॅरिझोनातली दहाही स्टेडियमं फिनिक्स आणि मेसा, स्कॉट्सडेल, ग्लेनडेल अशा आजूबाजूच्या गावांत आहेत, म्हणजे सूनबाईंनी गाडी काढली की झालं.

नियम आधी थोडक्यात. स्ट्राइक म्हणजे बॅट फिरवून हुकलेला किंवा मारण्याजोगा असून सोडलेला चेंडू; अशा तीन झाल्या की बॅटर बाद. ‘बॉल’ म्हणजे मारण्याजोगा नसलेला चेंडू; असे चार सोडले की त्याला पहिला बेस (धावत गाठायचा पहिला टप्पा) फुकट, तीन गडी बाद की बाजू बदलते, असे नऊ डाव. पिचरला चेंडू टाकायला बेस रिकामे असताना १५ सेकंद, कोणी बेसवर असेल तर १८. घड्याळ मैदानावरच दिसतं. एवढ्यावर बसा, बाकीचं बघता बघता कळतं.

तारीख कोणती निवडता यावर बरंच ठरतं. सुरुवातीच्या दिवसांत नावाजलेला पिचर एक-दोन डाव टाकून आत जातो. मार्चच्या शेवटाकडे तोच पाच-सहा डाव टाकताना दिसतो. एखाद्या खास खेळाडूलाच बघायचं असेल तर त्याच्या संघाच्या स्वतःच्या मैदानावरचं तिकीट काढा, कारण बडी मंडळी दुसऱ्याच्या मैदानावर जायचा कंटाळा करतात. वेळापत्रकात संघाच्या नावापुढे ‘एसएस’ असेल तर त्या दिवशी संघ दोन ठिकाणी वाटलेला असतो. अर्धे इथे, अर्धे तिथे.

जागा गवतावरची घ्या. आउटफिल्डच्या, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागाच्या, मागे हिरवळीचा उतार असतो, तिथलं तिकीट बहुधा सगळ्यात स्वस्त. आपली सोलापुरी चादर अंथरा आणि पाय पसरून बसा. सावली मात्र तिथे औषधालाही नसते आणि सामने बहुतेक दुपारी एकच्या सुमारास सुरू होतात, तेव्हा टोपी हवीच. गुडघे कुरकुरत असतील तर होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा असतो त्या जागेच्या, मागे छपराखालची खुर्ची बरी. पिशवी केवढी चालते, पाण्याची बाटली चालते का, हे प्रत्येक स्टेडियमचं वेगळं असतं. मुलांना आदल्या दिवशी संघाच्या साइटवर बघायला सांगा, दारात शेवेच्या पाकिटावरून वाद नको.

आता वहीचं. मी बँकेत असताना आमच्या क्रिकेट टीमचं स्कोअरिंग करायचे, त्यामुळे हात शिवशिवतातच. पण ज्यांनी कधी केलं नाही त्यांनीही करावं, नाहीतर तिसऱ्या डावात डुलकी लागते. डावीकडे नऊ बॅटर एकाखाली एक लिहा, पुढे नऊ उभे रकाने आखा, प्रत्येक चौकोनात एक छोटा शंकरपाळा काढा. तो म्हणजे बेस. बॅटर जिथवर पोहोचला तिथवरची कड गडद करायची, फिरून घरी, म्हणजे होम प्लेटवर, आला तर आख्खा शंकरपाळा भरायचा. क्षेत्ररक्षकांना नावाने नाही, जागेच्या आकड्याने लिहितात: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग आउटफिल्डमधले डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने जमिनीवरचा चेंडू उचलून दुसऱ्या बेसला फेकला, तिथून तो पहिल्या बेसला गेला आणि दोघे बाद झाले, की लिहायचं ६-४-३. स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद झाल्याला, इंग्रजी ‘के’. बॅट न हलवता नुसता बघत राहिला तर तोच ‘के’ उलटा. हा उलटा ‘के’ काढताना मला भारी समाधान मिळतं, का ते विचारू नका.

पण ओळी ठासून भरू नका. प्रत्येक नावाखाली दोन जणांची तरी जागा सोडा. पाचव्या डावाच्या आसपास नेहमीचे खेळाडू दोन-तीनदा बॅटिंग करून पसार होतात आणि ८४, ९१ असल्या नंबरांची पोरं आत येतात. काहींच्या पाठीवर नावसुद्धा नसतं. तेव्हा नंबरच लिहा. याच वेळी शेजारचे लोक चादरी झटकून निघू लागतात. तुम्ही मुळीच उठू नका. निकालाला इथे काडीची किंमत नाही, नऊ डावांनंतर बरोबरी असली तर बरोबरीतच सोडून देतात. हंगाम सुरू होताना संघात २६ जणांनाच जागा असते आणि ही पोरं त्यासाठी जीव टाकत असतात. सात धावांनी मागे असलेला संघ, स्टँड अर्धा रिकामा, आणि ९१ नंबर जमिनीवरून मारलेल्या साध्या चेंडूवर पहिल्या बेसकडे असा सुटतो की माती उडते. आपल्याकडे सिलेक्शन ट्रायल बघितलेल्यांना हे लगेच ओळखू येईल.

सही हवी असेल तर दरवाजे उघडताच कठड्याशी जाऊन उभे राहा, पेन आपलं न्या आणि नातवाला पुढे करा. चेंडू प्रेक्षकांत आला की तो ज्याच्या हाती लागेल त्याचाच, परत द्यावा लागत नाही. म्हणून चेंडू खेळात असताना मोबाइलमध्ये डोकं घालू नका, तो फार जोरात येतो.

यंदा जाणं जमणार नसेल तर इंदुरातूनही एमएलबी या अमेरिकी बेसबॉल लीगच्या अ‍ॅपवर पैसे भरून बघता येतं, सगळे सामने दाखवतातच असं नाही. अ‍ॅरिझोनाचा दुपारी १.०५ चा सामना आपल्याकडे रात्री १.३५ ला लागतो, त्याच्या नादी लागू नका. फ्लोरिडाचा निवडा: तो ११.३५ ला, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे गेली की १०.३५ ला.