वायबीसीओचा रोध मोजताना या चुका टाळा

द्रव नायट्रोजनमध्ये अतिसंवाहकता, म्हणजे विजेचा रोध पूर्णपणे नाहीसा होणे, दाखवायची तर कॉलेजच्या लॅबमध्ये बहुतेक वेळा वायबीसीओचीच, म्हणजे यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडची वडी वापरतात. ती ९२ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होते आणि नायट्रोजन उकळतो ७७ केल्विनला. पंधरा अंशांची मोकळीक असूनही रोध शून्यावर येत नाही, अशी अडचण वारंवार येते. त्याहून घातक असतो तो खोटा शून्य.

वडीतच दोष असेल तर

पहिला संशय ऑक्सिजनवर घ्या. सूत्रातला (YBa₂Cu₃Oₓ) ऑक्सिजनचा आकडा x ६.९ च्या आसपास किंवा वर असेल तरच ९२ केल्विन मिळतात. तो ६.६ पर्यंत घसरला की संक्रमण तापमान (ज्याखाली रोध नाहीसा होतो ते) साठ केल्विनच्या घरात जाते, आणि मग द्रव नायट्रोजनमध्ये काहीच दिसत नाही. ९०० अंश सेल्सिअसवरची वडी घाईने भट्टीबाहेर काढली की नेमके हेच होते. त्या तापमानाला स्फटिकातून निघून गेलेल्या ऑक्सिजनला परत शिरायला वेळच मिळत नाही.

खूण आलेखात दिसते. चांगल्या वडीचा रोध ३०० पासून १०० केल्विनपर्यंत जवळजवळ सरळ रेषेत उतरतो. थंड करताना तो वाढू लागला, तर ऑक्सिजन कमी आहे असे धरून चाला. वडी फेकू नका. वाहत्या ऑक्सिजनमध्ये ४५० अंश सेल्सिअसला १२ ते २४ तास ठेवा आणि नंतर मिनिटाला एक अंशाहून जलद थंड होऊ देऊ नका.

तरीही सुधारणा नसेल तर वडीचा कोपरा मोडून आतला रंग पाहा. सगळीकडे काळा हवा. हिरवट ठिपके दिसले तर ते यिट्रियम जास्त असलेले दुसरेच संयुग आहे, आणि त्यातून वीज वाहत नाही. पुन्हा अकीकाच्या खलात बारीक करा, ९३० अंशांना भाजा, मग नवी वडी दाबा. वजनाचा हिशेब एकदा ताडून पाहा: यिट्रियम ऑक्साइड १.१२९ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट ३.९४७ ग्रॅम, कॉपर ऑक्साइड २.३८६ ग्रॅम. यिट्रियम ऑक्साइड हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरून ठेवते, म्हणून ते आधी तापवून कोरडे करून मगच तोला. बेरियम कार्बोनेट विषारी आहे. मास्क आणि हातमोजे घातल्याशिवाय खलायला बसू नका.

तारा आणि मीटर

२ मिलिमीटर रुंद, १.५ मिलिमीटर जाड पट्टी घ्या आणि व्होल्टेजच्या दोन तारांत ४ मिलिमीटर अंतर ठेवा. अशा चांगल्या पट्टीचा रोध खोलीच्या तापमानाला साधारण २० मिलीओहम भरतो. १० मिलिअँपिअर प्रवाहाला व्होल्टेज येते फक्त २०० मायक्रोव्होल्ट, आणि संक्रमणाच्या आधी तेही बरेच उतरलेले असते. साध्या मल्टिमीटरचा शेवटचा आकडाच १०० मायक्रोव्होल्टचा असतो, त्यामुळे तो इथे चालत नाही. निदान ०.१ मायक्रोव्होल्ट दाखवणारे उपकरण हवे.

एवढ्या लहान संकेतात तारांच्या सांध्यांवर तापमानातल्या फरकाने निर्माण होणारे काही मायक्रोव्होल्ट मिसळतात. २ मायक्रोव्होल्टची चूक ०.२ मिलीओहम रोध म्हणून दिसते, आणि ‘रोध शून्याला पोहोचतच नाही’ ही तक्रार बहुधा इथूनच सुरू होते. उपाय सोपा आहे. प्रत्येक तापमानाला प्रवाहाची दिशा उलटवून दोन वाचने घ्या, त्यांची वजाबाकी करून निम्मी करा. प्रवाह वाढवून संकेत मोठा करायचा मोह टाळा: १० ऐवजी १०० मिलिअँपिअर केले की जोडणीतली उष्णता शंभरपट होते.

सिल्व्हर पेस्टचा ठिपका सुईच्या टोकाने ठेवा. व्होल्टेजच्या तारेचा ठिपका पसरून प्रवाहाच्या ठिपक्याला भिडला तर चार तारांची पद्धत (दोन तारांतून प्रवाह, वेगळ्या दोन तारांवर व्होल्टेज) तिथेच संपते.

तापमापक मागे पडतो

पट्टी थेट नायट्रोजनमध्ये बुडवली तर ती काही सेकंदांत ९२ केल्विन ओलांडते आणि तापमापक मात्र अजून वरच रेंगाळत असतो. तांब्याच्या ठोकळ्यावर पट्टी आणि पीटी-१०० (प्लॅटिनमच्या रोधावरून तापमान सांगणारा तापमापक) शेजारी-शेजारी, कमी तापमानाला चालणाऱ्या ग्रीसने बसवा आणि ठोकळा द्रवाच्या वरच्या वाफेतून हळूहळू खाली सोडा. थंड करतानाचा आणि तापवतानाचा आलेख एका केल्विनपेक्षा जास्त अंतरावर पडत असतील तर अजून सावकाश चला.

पीटी-१०० लाही चार तारा हव्यात. त्याचा रोध या भागात केल्विनमागे सुमारे ०.४३ ओहमने बदलतो, म्हणून तारांचा फक्त एक ओहम मिसळला तरी दोन केल्विनहून जास्त चूक होते. आणि पुण्यात काम करत असाल तर द्रवात बुडवलेल्या तापमापकाने ७७.४ दाखवावे असा हट्ट नको. तिथे हवेचा दाब कमी असल्याने नायट्रोजन साधारण अर्धा अंश आधीच उकळतो.

खोटा शून्य

थंड होताना प्रवाहाची तार सुटली तर व्होल्टेज शून्यच दिसणार, कारण प्रवाहच वाहत नाही! प्रवाहस्रोत आपल्या व्होल्टेजच्या मर्यादेला जाऊन टेकला आहे का, हे दर वाचनाला पाहा. मग पट्टी पुन्हा तापवा. रोध त्याच तापमानाला परत यायला हवा. शून्य रोधासाठी वडीतून एक सलग वाट अतिसंवाहक झाली तरी पुरते, म्हणून बाकीची वडीही अतिसंवाहक झाली आहे का हे कळण्यासाठी तिच्यावर छोटे निओडायमियम चुंबक तरंगते का, हेही पाहा.

एक लिटर द्रव नायट्रोजनचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. खिडक्या उघड्या ठेवा आणि भांड्याचे झाकण कधीही घट्ट लावू नका.

प्रयोग संपल्यावर थंड पट्टी हवेत काढू नका, विशेषतः पावसाळ्यात. तिच्यावर दव जमते, पाण्याने बेरियम बाहेर पडतो आणि काही दिवसांत पृष्ठभागावर पांढरी भुकटी दिसू लागते. पट्टी वाफेतच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा.