जावास्क्रिप्टमध्ये महिन्याचे पान कसे मांडावे

इंदूरच्या आमच्या मंडळासाठी रंगपंचमीच्या गेरपासून (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीपासून) गणेशोत्सवापर्यंतचे कार्यक्रम दाखवणारे कॅलेंडर वेबपानावर मांडताना सर्वप्रथम हे लक्षात ठेवावे, की जावास्क्रिप्ट महिने ० पासून मोजते. म्हणून सप्टेंबरसाठी ९ नव्हे, ८ द्यावा लागतो. महिन्याची पहिली तारीख तयार करून तिचा वार विचारावा. रविवार ० धरला जात असल्याने १ सप्टेंबर २०२६ च्या मंगळवारासाठी २ हे उत्तर येते, आणि आठवडा रविवारपासून मांडल्यास तितकेच चौकोन आधी रिकामे सोडायचे असतात. शेवटची तारीख काढण्यासाठी पुढच्या महिन्याचा ० क्रमांकाचा दिवस, म्हणजे त्याच्या १ तारखेचा आदला दिवस, मागावा. लीप वर्षाचा हिशेबही त्यात आपोआप येतो. ओळी पाचच लागतील असे मात्र गृहीत धरू नये, कारण फेब्रुवारी २०२६ चार ओळींत मावतो, तर त्याच वर्षीच्या ऑगस्टला सहा लागतात.

खरी काळजी तारीख वाचताना घ्यावी. गणेशचतुर्थीची '२०२६-०९-१४' ही तारीख मी सरळ मजकूर म्हणून दिली होती. अशी तारीख जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्रीची समजली जाते. त्यामुळे इंदुरात ती पहाटे साडेपाचची होऊन बरोबर दिसली, पण न्यूयॉर्कमधल्या भाचीच्या पडद्यावर १३ तारीख उमटली. वर्ष, महिना आणि दिवस अशा तीन स्वतंत्र संख्या दिल्यास हा घोळ टळतो.

सणांच्या तारखा तिथीवर ठरत असल्याने त्या पंचांगातून पाहून वेगळ्या यादीत ठेवाव्यात.