सर्व्हरवर फाइल सेव्ह करताना या चुका टाळा

समजा, सावद्याच्या केळी व्यापाऱ्यासाठी प्रोग्राम लिहिलाय. गाडी काट्यावरून उतरली की पावतीची फाइल सर्व्हरवर तयार व्हायला हवी. लॅपटॉपवर सगळं चालतं, सर्व्हरवर मात्र फाइल सापडत नाही. एररही नसेल, तर ती बहुधा भलत्याच फोल्डरात पडलेली असते. अर्धवट पाथ (फाइलचा पत्ता) दिला की तो प्रोग्राम जिथून सुरू झाला तिथून धरला जातो. वेगळं सांगितलं नसेल तर सिस्टिमडीची (लिनक्सवर प्रोग्राम सुरू करून चालू ठेवणारी यंत्रणा) सर्व्हिस थेट '/' मधून, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरातून सुरू होते, क्रॉनचं (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) काम त्या युजरच्या होम फोल्डरातून. म्हणून पूर्ण पाथच द्या.

'परमिशन डिनाइड' दिसलं की लगेच ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) देऊन मोकळे होऊ नका. प्रोग्राम ज्या युजरच्या नावाने चालतो त्याला फोल्डरचा मालक करा आणि ७५० द्या, म्हणजे मालकाला सगळी परवानगी, त्याच्या ग्रुपला लिहिणं सोडून बाकीची आणि इतरांना काहीच नाही. फोल्डरात नवी फाइल करायला राइटबरोबर एक्झिक्यूट परवानगीही लागते, हे हमखास विसरलं जातं. शिवाय हा फोल्डर वेबसाइटच्या फोल्डरबाहेर ठेवा, नाहीतर लिंक मिळाली की कोणीही पावती उघडेल.

पावती क्रमांक '२०२५-२६/११७' असा असेल आणि तोच फाइलच्या नावात वापरलात, तर तिरकी रेघ लिनक्सला फोल्डर वाटते आणि 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' येतं. रेघेच्या जागी हायफन घाला. युजरने टाइप केलेलं नाव तर जसंच्या तसं कधीच घेऊ नका, त्यात '../' (म्हणजे एक फोल्डर वर) आलं तर फाइल भलतीकडेच लिहिली जाईल. मराठी नावं चालतात, पण ईएक्सटी४ वर (लिनक्सची एक फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना-मात्रा वेगळे मोजले जातात, त्यामुळे नुसतं 'मुक्ताईनगर' ३० बाइटचं होतं.

सगळ्यात महागात पडते ती अर्धवट फाइल. राइट मोडमध्ये उघडताक्षणी जुना मजकूर पुसला जातो. लिहिता लिहिता वीज गेली किंवा प्रोसेस मेली, तर जुनंही गेलं आणि नवंही नाही. म्हणून आधी त्याच फोल्डरात तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहा, एफसिंक करा (म्हणजे मजकूर खरोखर डिस्कवर उतरवा) आणि मगच खऱ्या नावाने रिनेम करा. वाचणाऱ्याला मग जुनी फाइल दिसेल किंवा नवी, अर्धी कधीच नाही. तात्पुरती फाइल '/टीएमपी' या सिस्टिमच्या तात्पुरत्या फोल्डरात ठेवू नका. ती वेगळ्या फाइलसिस्टिमवर असली तर रिनेम होतच नाही.

दोन काट्यांवरून एकाच क्रमांकाच्या पावत्या आल्या तर? 'फाइल आहे का' हे आधी तपासून उपयोग नाही, कारण तपासणं आणि लिहिणं यांच्यामध्ये दुसरी पावती घुसते. फाइल उघडताना पायथनमध्ये 'एक्स' मोड, नोडमध्ये 'डब्ल्यूएक्स' वापरा. फाइल आधीच असेल तर एरर येईल आणि पुढचा क्रमांक घेता येईल.

सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) असेल तर रात्री १२ ते पहाटे ५:३० मध्ये भरलेल्या गाड्यांच्या फाइलवर आदल्या दिवसाची तारीख पडते. टाइमझोन 'एशिया/कोलकाता' ठेवा.

डिस्कवर जागा दिसत असूनही 'नो स्पेस लेफ्ट' आलं, तर 'डीएफ -आय' ही कमांड चालवून आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद) किती उरलेत ते बघा. लाखो बारीक पावत्या साचल्या की जागेआधी तेच संपू शकतात. अशा वेळी जुन्या पावत्या महिन्यावार झिप करून बाजूला काढा.