मांजराला पट्टा लावून अंगणात नेताय? या चुका टाळा

घरातच वाढलेल्या मांजराला हार्नेस, म्हणजे मान-छातीभोवती बसणारा पट्टा, घालून बाहेर नेता येतं, त्यात अवघड काही नाही. फसतं ते आपल्या अपेक्षेमुळे. कुत्रा सोबत चालतो, तसं मांजरही चालेल असं आपण धरून चालतो. ते चालत नाही. दोन पावलं टाकेल, तुळशीजवळ बसेल, बराच वेळ मुंग्यांची रांग पाहील, आणि त्याच्या लेखी फिरणं झालं. हे ज्यांना पटत नाही त्यांनी पट्ट्यावर पैसे घालू नयेत.

पहिली चूक खरेदीतच होते. गळपट्ट्याला दोरी बांधून मांजर नेऊ नका. ते दचकून उडी मारतं तेव्हा सगळा हिसका गळ्यावर येतो, आणि पट्टा सैल असला तर डोकं काढून ते पसार होतं. मान आणि छाती दोन्हीभोवती बसणारा, मांजरासाठीच बनवलेला हार्नेस हवा. तालुक्याच्या दुकानात बहुधा कुत्र्याच्या पिल्लाचा पुढे करतात, तो मांजराच्या अंगावर नीट बसत नाही. ऑनलाइन मागवा, पण आधी टेपने मान आणि पुढच्या पायांमागची छाती मोजून घ्या. घातल्यावर पट्टीखाली दोन बोटं सपाट जायला हवीत, तिसरं नको. दोरी हलकी, दोनेक मीटरची पुरते. बटणावर गुंडाळली जाणारी घेऊ नका. हातातून सुटली की तिची मूठ खडखडत मागे येते आणि घाबरलेलं मांजर आणखी पळत सुटतं.

हार्नेस घालताच मांजर आडवं पडतं

हे नाटक नाही. अंगाभोवती काही आवळलं की मांजर गोठल्यासारखं होतं, जमिनीला पोट टेकवून सरपटतं किंवा एका कुशीवर पडून राहतं. अशा वेळी ओढून उभं करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण पुढे हार्नेस नुसता दिसला तरी ते पलंगाखाली जाऊन बसतं. काही दिवस हार्नेस जेवणाच्या ताटलीशेजारी नुसता पडू द्या. मग सुकट किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा खाता खाता घाला, दोन मिनिटांत काढा. हळूहळू वेळ वाढवा. हार्नेससकट ते खायला, उड्या मारायला, झोपायला लागलं की मगच दाराबाहेरचा विचार करा. काहींना आठवडा लागतो, काहींना महिने, आणि काही मांजरांना हे कधीच आवडत नाही. त्यांना खिडकीला जाळी लावून द्या, ती तिथेच खूश असतात.

मांजर मागे सरकून निसटतं

हे नीट पाहण्यासारखं आहे. तुम्ही पुढे उभे, दोरी ताणलेली. मांजर मान खाली घालतं, कान चपटे करतं आणि मागे सरकू लागतं. पुढचे पाय वर दुमडले जातात, खांदे आवळतात आणि एका झटक्यात नुसता हार्नेस तुमच्या हातात राहतो. ते मागे सरकू लागलं की दोरी ढिली सोडा आणि तुम्हीच त्याच्या बाजूला किंवा मागे जा. दोरी त्याला थांबवण्यापुरती असते, ओढण्यासाठी नसते.

दारातून त्याला स्वतःच्या पायांनी बाहेर पडू देऊ नका. उचलून किंवा पेटीत घालून न्या. नाहीतर दार उघडं दिसलं की धाव घ्यायची सवय लागते, आणि आपल्याकडे दार दिवसभर उघडंच असतं. बाहेर न्यायची वेळ ठरलेली ठेवा. ओरडलं म्हणून नेलं, तर ओरडणं वाढतच जाईल. आणि मांजराला खाटेला बांधून घरात कामाला जाऊ नका. कुंपणावरून पलीकडे उडी मारली तर ते लटकतं.

‘काहो वहिनी, मांजरीले दावं लावलं काय?’ हे ऐकावं लागेलच. पहिले काही दिवस गर्दी जमू देऊ नका, एवढंच.

आपल्याकडचं ऊन, शेत आणि गोठा

विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. कूलरसमोर झोपणारं मांजर सिमेंटच्या रस्त्यावर उतरवण्याआधी हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद जमिनीला लावून पाहा. तुम्हाला सोसवलं नाही तर त्यालाही सोसवणार नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाहेर काढूच नका. तोंड उघडून धापा टाकू लागलं तर लगेच सावलीत न्या, अंग ओलं करा आणि डॉक्टर गाठा.

खरिपात कपाशी-सोयाबीनच्या बांधावर नेऊ नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली. मांजर तर फिरून आलं की पायच चाटतं. तोच धोका गोठ्यात. गोचिडांसाठी ढोरांना किंवा कुत्र्याला लावायची बरीच औषधं परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन या जातीची असतात आणि ती मांजराला विषारी ठरतात. थरथर, लाळ, झटके दिसले तर घरगुती उपाय करत बसू नका. मांजराच्या गोचिडांचं औषध पशुवैद्याकडूनच घ्या, आणि बाहेर नेण्याआधी रेबीजसह इतर लसी करून घ्या.

पराटीच्या (कपाशीच्या वाळल्या झाडांच्या) गंजीत, तणसात नाक खुपसू देऊ नका, तिथे घोणस किंवा नाग असू शकतो. पावसाळ्यानंतर कुसळं कानात, डोळ्यांत आणि बोटांच्या बेचक्यात शिरतात. घरी आल्यावर तिथे बोटं फिरवून बघा.

कुत्रं आलं तर, आणि मांजर सुटलंच तर

कुत्रं दिसताच मांजराला उघड्या हातांनी कवेत घेऊ नका. घाबरलेलं मांजर तुम्हालाच फाडतं. जाड टॉवेल खांद्यावर असू द्या, त्यात गुंडाळून उचला. मांजर किंवा कुत्रं तुम्हाला चावलंच तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जा.

सुटलं तर मागे धावू नका. घरातलं मांजर सहसा लांब जात नाही, जवळच्याच कोपऱ्यात दबून बसतं. आधी गोठा, जिन्याखालची जागा, इंधनाचा ढीग पाहा. गल्ली शांत झाली की रात्री टॉर्च घेऊन फिरा, डोळे चमकतात. सुकटीची वाटी दाराशी ठेवून हळू हाक मारा. सापडलं की रागावू नका, खायला द्या, आणि हार्नेसची कोणती पट्टी सैल पडली होती ते बघा.