वाईच्या आळीतला जुना वाडा टिपताना

वाईला आलेले बहुतेक कॅमेरे ढोल्या गणपती आणि कृष्णेचा घाट सोडून पुढे सरकत नाहीत. मागच्या आळ्यांतले निम्मे कुलूपबंद वाडे मात्र पडायच्या आत टिपायला हवेत.

अरुंद बोळात अख्खा वाडा मावावा म्हणून आपण मोबाइल वर कलवतो आणि भिंती वर निमुळत्या होतात. त्यापेक्षा मोबाइल सरळ उभा धरा, ग्रिड चालू करून दाराची चौकट उभ्या रेघेशी जुळवा. समोरच्या घराची माडी मिळाली तर उत्तमच. रस्ता जास्त आला तर खालून कापा. ०.५ एक्स (अतिरुंद कोनाची) लेन्स शक्यतो नको. कडेचे खांब ताणले जातात.

कोरीव तुळईवर ऊन बाजूने, तिरपे पडलेले हवे. समोरून पडले की नक्षी सपाट दिसते. ओसरीत अंधार आणि बाहेर लख्ख असेल तर उजळ भिंतीवर बोट दाबून ठेवा, फोकस-एक्स्पोजर (स्पष्टता आणि उजेडाचे प्रमाण) लॉक करा. सावली नंतर उजळता येते, जळालेला पांढरा भाग परत येत नाही.

कडी-कोयंडा, कोनाड्यातली काजळी जवळून घ्या. सायकलवाला चौकटीत हवा असेल तर शटरचा वेग (फोटो टिपला जाण्याचा वेळ) १/२५० सेकंद किंवा त्याहून कमी ठेवा. ओट्यावर कुणी बसले असेल तर आधी विचारा.