अनोळखी अँटेनाची फ्रिक्वेन्सी कशी ओळखायची

लेबल नसलेला अँटेना हातात आला की लोक आधी पट्टी लावतात. ७५ ला मीटरमधल्या लांबीने भागलं, त्यातून पाच टक्के कमी केले की मेगाहर्ट्झ मिळतात, म्हणजे साडेसोळा सेंमी आली तर ४३२ च्या आसपास. सरळ तारेच्या पाव तरंगलांबीच्या अँटेनाला हे बरोबर आहे, पण रबराच्या आत कॉइल असेल तर लांबीवरून काहीच कळत नाही, तेव्हा तिथेच थांबू नका.

नॅनोव्हीएनए घ्या (अँटेना कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती पॉवर परत पाठवतो त्याचा आलेख दाखवणारं छोटं यंत्र), अँटेना ज्या टोकाला लागणार त्याच टोकाला ओपन, शॉर्ट, लोड हे कॅलिब्रेशनचे तीन तुकडे एकेक लावून कॅलिब्रेट करा. रेंज बदलली की परत करा. पूर्ण रेंज एकदम स्वीप करू नका, १०१ पॉइंट ९०० मेगाहर्ट्झवर पसरले की दोन पॉइंटमध्ये ९ मेगाहर्ट्झचं अंतर पडतं आणि अरुंद डिप, म्हणजे पॉवर कमी परत येते तिथला आलेखातला खड्डा, मधल्यामध्ये निसटतो. शंभर-शंभरचे तुकडे करा.

आता खरी गोची. डिप दिसला म्हणजे फ्रिक्वेन्सी सापडली असं नाही! वॉकीटॉकीचा किंवा गाडीचा अँटेना अर्धाच असतो, उरलेला अर्धा म्हणजे रेडिओची बॉडी नाहीतर गाडीचा पत्रा, आणि तो नसेल तर तुमची केबलच अँटेना होऊन बसते. मी यात दोन संध्याकाळी घालवल्या, दर वेळी डिप वेगळ्या जागी, मला वाटलं कॅलिब्रेशन चुकतंय, शेवटी सहज केबल मुठीत धरली आणि डिप डोळ्यांदेखत वीस मेगाहर्ट्झ सरकला. तेव्हापासून मी ही टेस्ट केल्याशिवाय कुठलाच आकडा मानत नाही: केबल धरा, हात पुढेमागे फिरवा, डिप हलला तर तो आकडा सोडून द्या. मग उरलेला अर्धा म्हणून एक पत्रा घ्या, त्याला मधोमध भोक पाडून कनेक्टर बसवा, पत्रा चारी बाजूंनी निदान पाव तरंगलांबी पसरलेला हवा, केबलवर अँटेनाजवळ दोन-तीन फेराइट (केबलला अँटेना होण्यापासून अडवणाऱ्या कड्या) चढवा आणि मग परत मोजा.

दोन डिप आले तर गोंधळू नका, १४५ चा अँटेना तिप्पट फ्रिक्वेन्सीला, म्हणजे ४३५ च्या आसपासही डिप देतो, शक्यतो खालचा धरा, पण अँटेना ड्युअल बँड, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींसाठीच बनवलेला असेल तर दोन्ही खरे. आणि एसडब्ल्यूआर (परत येणाऱ्या पॉवरचं माप, १ सगळ्यात चांगला) सगळीकडेच छान दिसतोय तर खूश होऊ नका, पॉवर आतच जिरतेय, डमी लोडही, म्हणजे पॉवर नुसती जिरवणारा रेझिस्टर, अगदी असाच दिसतो.

खरा डिप मिळाला की रेंज छोटी करून एसडब्ल्यूआर २ च्या खाली कुठून कुठपर्यंत राहतो ते बघा आणि टेपवर लिहून लगेच अँटेनालाच चिकटवा.